वाडा दुरुस्ती, चुन्याचं काम – आमचा अनुभव (5 पैकी साडेचार)

जुन्या नाशकात तांबट लेनजवळ आमचा वाडा आहे, दगडी जोतं, सागवानी खांब, मधे चौक. भाडेकरू गेल्यापासून अर्धा भाग रिकामाच होता आणि दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस यायची, महापालिका कायद्याच्या कलम 264 ची. मग घरात तोच विषय, पाडायचं का बिल्डरला द्यायचं. शेवटी दुरुस्त करून घेतला आणि खूप जण विचारतात म्हणून सगळं लिहितेय.

आधी एका कॉन्ट्रॅक्टरकडून मागची भिंत करून घेतली होती, सिमेंटचा गिलावा, वर ऑइलपेंट, दिसायला एकदम चकाचक. दोनच पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागला, म्हणजे क्षार वर आले, पोपडे सुटले आणि हात लावला की आतली वीट पिठासारखी भुरभुरायला लागली. तेव्हा चुन्याचं काम करणारे हे मिस्त्री मिळाले, सिन्नरकडचे आहेत, सोबत सुतार आणि चार माणसं. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, हिचं तोंड बांधून टाकलंय तुम्ही, आतलं पाणी जाणार कुठून?" खरंच आहे ते, जुन्या विटा आणि चुना पाणी पितात आणि परत सोडतात, वरून सिमेंट लावलं की ओल आतच कोंडते आणि क्षार वीट फोडून बाहेर येतात.

काम काय सुरेख केलंय! चुना आधी खड्ड्यात भिजवून मुरवला, मग वाळू घालून घोटला, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी टाकलं, वाड्यात चार दिवस गोड वास येत होता. गिलावा पातळ थरांत, एक सुकल्याशिवाय दुसरा नाही, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून हळूहळू दगड बनतो, घाई केली की तडकतो. आणि चौकातला एक खांब तळखड्याला, म्हणजे खालच्या दगडी बैठकीला टेकतो तिथे कुजला होता, मला वाटलं पूर्ण खांब गेला. सुतारदादांनी हातोडीने वरपासून ठोकत आणले, टणटण टणटण, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर भद्द. तेवढाच भाग कापला, तुळईला जॅक दिला आणि जुन्या सागवानाचा तुकडा खाच पाडून बसवला. सांधा शोधावा लागतो इतका बेमालूम!

अर्धा स्टार कापला तो वेळेसाठी, पाच महिने सांगितले होते, नऊ लागले, आणि मधे तीन आठवडे कोणी फिरकलंच नाही. पैसे सिमेंटच्या कामापेक्षा बरेच जास्त. तरी परत त्यांनाच देईन.

हे सगळं बघितल्यापासून रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटीतून जाताना कुलूप लावलेल्या जुन्या इमारती बघवत नाहीत. काही शहरं रिकामी पडलेली ऐतिहासिक वास्तू विकून न टाकता डेव्हलपर मागवतात, की तुम्ही दुरुस्त करा, मूळ रूप ठेवा आणि आत ऑफिस, घरं, हॉटेल काय ते चालवा. आपल्याकडे पण हे व्हायलाच पाहिजे, 2027 च्या सिंहस्थाला लाखो लोक गोदाकाठी येणार, त्यांना राहायला चौकाचा वाडा मिळाला तर किती छान! पुण्यात 1807 चा विश्रामबागवाडा आहे, त्यात पोस्ट ऑफिसही चाललं आणि महापालिकेची ऑफिसंही, वापर राहिला म्हणून वाडा उभा राहिला. फक्त सगळ्यात कमी रकमेचं टेंडर उचलू नका प्लीज, आमच्या मागच्या भिंतीचं काम पण सगळ्यात स्वस्त कोटेशनलाच दिलं होतं. डेव्हलपर कितीही मोठा असू दे, त्याला म्हणावं दोन पावसाळे खाल्लेली तुझी एखादी भिंत दाखव. मी मिस्त्रींना हेच विचारलं होतं आणि त्यांनी गाडीवर बसवून नेऊन दाखवली, ऑगस्टमध्ये, भर पावसात, आणि भिंत आतून कोरडी होती.

काम द्यायचं असेल तर गणपतीच्या आधीच बोलून ठेवा, पावसात ते चुना लावत नाहीत आणि दिवाळीनंतरच्या तारखा पटकन भरतात. भिंत बघायची असेल तर आमच्याकडे या, संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते.