सल्फॅमिक ॲसिड पावडर : हॉटेल किचनच्या फरशीवरच्या पांढऱ्या थरासाठी, आठ महिन्यांच्या वापरानंतर

अंधेरी आणि लोअर परळच्या तीन किचनमध्ये गेले आठ महिने ही पावडर वापरात आहे. अँटीस्किड टाइल्सवर तिचा निकाल उत्तम आहे. पण थर कशाचा आहे हे न बघता ओतली तर पावडर वाया जाते, आणि फरशी कोटा दगडाची असेल तर कायमची खराब होते.

मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा, थराची कड लगेच दिसते. पावडरच्या पाण्याचे दोन थेंब टाइलच्या मधोमध टाका. सांध्यावर नको, कारण सांध्यातलं सिमेंट स्वतःच फसफसतं आणि फसवतं. बारीक बुडबुडे उठले तर तो पाण्यातला क्षार. काहीच झालं नाही आणि नखाला मेणासारखी चिकट पापडी आली, तर तो साबणाचा थर. फ्रायरसमोरचा पांढरेपणा बहुतेक वेळा हाच असतो: सांडलेलं तेल, भरमसाट डिग्रीसर (तेलकटपणा काढायचं साबणासारखं द्रव) आणि क्षाराचं पाणी यांचा मिळून झालेला. त्यावर नुसतं ॲसिड मारलं तर त्यातली चरबी मोकळी होते आणि फरशी आधीपेक्षा निसरडी होते. पावडर वापरून बघितली, काही उपयोग नाही, अशी तक्रार करणाऱ्यांचं इथेच चुकतं.

म्हणून आधी तेल काढायचं. गरम पाण्यात डिग्रीसर, १० लिटरला २५० मिली. दहा मिनिटं ठेवून कडक नायलॉन ब्रशने घासा, वायपरने ओढा, साध्या पाण्याने धुवा. मग ॲसिड: १० लिटर कोमट पाण्यात ५०० ग्रॅम पावडर, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून. गार पाण्यात ती सावकाश विरघळते, खडे तळाशी राहतात आणि बादलीतलं वरचं पाणी कमजोर पडतं. उकळतं पाणीही नको, त्याने ॲसिडचा जोर जातो. ओतण्याआधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ते ॲसिड शोषत नाहीत. दहा मिनिटं थांबा, पण फरशी सुकू देऊ नका. एक्झॉस्टखालचा भाग आधी सुकतो, तिथे पुन्हा शिंपडा. घासून, धुऊन झालं की १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून एकदा फिरवा आणि परत स्वच्छ पाण्याने धुवा. हा शेवटचा सोडा बरेच जण टाळतात. उरलेलं ॲसिड सिमेंटचे सांधे खात राहतं आणि काही महिन्यांनी तिथे खाच पडून घाण बसते. तयार केलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

बाजारातल्या स्वस्त पिवळ्या ॲसिडपेक्षा ही पावडर बरी, याचं मुख्य कारण स्टीलची टेबलं. त्या हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ टेबलाच्या पायांवर आणि मोरीच्या जाळीवर बसते आणि गंजाचे ठिपके उठतात. सल्फॅमिकमध्ये क्लोराइड नाही, डोळ्यांत झोंबणारी वाफ नाही. शिवाय तिने सुटलेला क्षार पाण्यात सहज विरघळून निघून जातो. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा आणि ॲल्युमिनियमपासून मात्र लांब ठेवा. हातमोजे, चष्मा हवाच. ब्लीचने पुसलेल्या फरशीवर भरपूर पाणी मारल्याशिवाय हे ओतायचं नाही, विषारी वायू सुटतो. दोन्हींच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या ठेवा आणि नावं लिहा.

कोटा आणि कडप्प्यावर अजिबात नको. हे दोन्ही चुनखडीचेच दगड. ॲसिड क्षाराबरोबर दगडही खातं आणि जो मळकट पांढरा डाग उरतो तो घासून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. तिथे डिग्रीसर आणि खरवडणी, तीही पत्र्याची नव्हे, प्लॅस्टिकची, एवढंच.

थर परत का येतो, हे बघितलं तर निम्मी पावडर वाचते. महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसासारख्या धरणांतून येतं, त्यात क्षार कमी. टँकरचं पाणी बहुधा विहिरीचं किंवा बोअरचं. एका किचनमध्ये धुण्यासाठी नळाचं पाणी आणि फ्लशसाठी टँकरचं, असा बदल केल्यावर आठवड्याची धुलाई महिन्यावर आली. दुसरीकडे फक्त डिग्रीसर अंदाजाने ओतायचं बंद केलं आणि मापाचा कप दिला. ओल्या पोंछ्यातलं न धुतलेलं डिग्रीसर सुकलं की पांढरी झाकच उरते, तिला क्षार समजून ॲसिड मारण्यात अर्थ नाही.

एका जागी मात्र पावडर हरली. भांडी धुण्याच्या सिंकखालच्या सांध्यांतून मऊ, पिठासारखा पांढरा फुलोरा येत होता. धुतला की जायचा आणि सुकल्यावर परत यायचा, पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर तर जास्तच. ते खालून येणारे सिमेंटचे क्षार होते, मुरलेल्या पाण्याबरोबर वर येणारे. सिंकचा गळका पाइप बदलला, सांधे खरवडून सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा भराव) भरलं, तेव्हा थांबलं.