मनीच्या अंगावर वाघाचे पट्टे: आठ महिने गिम्प वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये शाळेसाठी एक खेळ तयार करायला घेतला. सहावीच्या मुलांना प्राण्यांचे फोटो दाखवायचे, पण प्रत्येकाच्या अंगावर दुसऱ्याच प्राण्याचे पट्टे नाहीतर ठिपके. अंग कुणाचं आणि नक्षी कुणाची, हे मुलांनी ओळखायचं. सॉफ्टवेअरवर पैसे घालणं जमणार नव्हतं, म्हणून फोटोंवर काम करायचं गिम्प घेतलं. ते फुकट आहे आणि माझ्या आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर नीट चालतं. तेव्हापासून बहुतेक सगळे शनिवार-रविवार यातच गेलेत.

पहिलं चित्र आमच्या पांढऱ्या मांजरीचं, मनीचं. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मीच काढलेल्या फोटोतली वाघाची कूस उचलली, वेगळ्या लेयरवर, म्हणजे पारदर्शक कागदासारख्या थरावर, मनीवर ठेवली आणि लेयरचा मोड मल्टिप्लाय केला, म्हणजे वरच्या थरातला गडदपणा खालच्या चित्रावर चढतो. पट्टे उमटले, पण मनीला कुणीतरी छापील चादर गुंडाळल्यासारखं दिसत होतं. अंग गोल आणि पट्टे सपाट!

यावर उपाय म्हणजे वॉर्प ट्रान्सफॉर्म, चित्र ब्रशने ढकलून वाकवायचं अवजार. कीबोर्डवर डब्ल्यू दाबलं की ते हाताशी येतं. ब्रश मोठा आणि जोर कमी ठेवायचा, पट्टे पाठीच्या कण्यापासून पोटाकडे हळूहळू ढकलत न्यायचे. अंग जिथे वळून नजरेआड जातं त्या कडेला ते एकमेकांजवळ दाटले पाहिजेत. एवढं केलं की मांजराला लगेच गोलाई येते. हे अवजार मला फार आवडलं. मनासारखं झालं की एंटर दाबायचं.

उजेडाचं मात्र मला महिनाभर कळलं नव्हतं. वाघावर ऊन उजवीकडून, मनीवर खिडकीतला उजेड डावीकडून. पट्ट्यांबरोबर वाघाची सावलीही मनीच्या अंगावर येत होती. मग ही रीत सापडली. आधी वाघाच्या तुकड्यातला रंग पूर्ण काढायचा. हे विसरलं तर पुढे काळे पट्टे निळसर दिसायला लागतात, कारण आजूबाजूचा नारिंगी त्यांतून वजा होतो. मग त्या लेयरची प्रत घेऊन तिला गॉशियन ब्लर देऊन धूसर करायचं, इतका की पट्टे विरघळून फक्त ऊन-सावली उरेल. या धूसर प्रतीचा मोड ग्रेन एक्स्ट्रॅक्ट करायचा, म्हणजे खालच्या चित्रातून ही ऊन-सावली वजा होऊन फक्त पट्टे उरतात, आणि जे दिसेल त्याचा नवा लेयर बनवायचा. तो मनीवर ग्रेन मर्जमध्ये, म्हणजे वजा केलेलं पुन्हा मिळवणाऱ्या मोडमध्ये, ठेवला की पट्टे वाघाचे आणि उजेड मनीचा. पहिल्यांदा हे जमलं त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून चित्र दाखवलं.

काळ्या मांजरावर मल्टिप्लायचा काहीच उपयोग होत नाही, काळ्यावर काळं काय दिसणार! तिथे ग्रेन मर्जच लागतो. काळ्या बिबट्याच्या अंगावरही ठिपके असतातच, तिरप्या उन्हात ते पुसट दिसतात. बिबट्याचे ठिपके काळ्या मांजरावर तसे पुसट ठेवले तेव्हाच चित्र खरं वाटलं.

गिम्पच्या ३.० आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२५ पासून, ब्लरसारखे फिल्टर लेयरला नुसते जोडलेले राहतात आणि नंतर कधीही बदलता येतात. ब्लर किती द्यावा हे दहादा बदलून बघावं लागतं, त्यामुळे ही सोय फार मोलाची आहे. उणीवही सांगते. फोटोशॉपमध्ये २०१० पासून पपेट वॉर्प आहे, त्यात जागोजागी टाचण्या लावून पाय-शेपटी वळवता येते. गिम्पमधलं केज ट्रान्सफॉर्म, म्हणजे भागाभोवती पिंजरा आखून तो वाकवणं, त्याच्या जवळपास जातं, पण बारीक पायांवर वेळ फार खातं. आणि काम एक्ससीएफमध्येच, म्हणजे लेयर वेगळे ठेवणाऱ्या गिम्पच्या फाईलमध्येच, सेव्ह करा. मी एकदा फक्त जेपीजी काढून फाईल बंद केली आणि चार तासांचे लेयर गमावले.

यापेक्षा मोठ्या चुका प्राण्याकडे नीट न पाहिल्यामुळे झाल्या. झेब्र्याचे पट्टे धडावर उभे आणि पायांवर आडवे असतात. बिबट्याच्या पाठीवर पोकळ फुलं, पण डोक्यावर आणि पायांवर भरीव ठिपके. चित्त्याच्या शेपटीच्या टोकाला ठिपक्यांची कडी होतात. त्यामुळे एकच तुकडा अंगभर पसरून चालत नाही. चेहऱ्यावर चेहऱ्याची नक्षी, पायावर पायाची, असे पाच-सहा लेयर लागतात. मनीच्या कपाळावर मी अर्धीच नक्षी घेऊन आरशासारखी उलटवली होती. चित्र कुठेतरी खोटं वाटत होतं, पण कारण सापडेना. शेवटी वाघाचा मूळ फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही भुवयांवरच्या रेघा वेगळ्या होत्या. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात, आणि एका वाघाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंवरून वाघांची मोजणी होते ती याच आधारावर. बदललेल्या पट्ट्यांचा फोटो खरा समजला गेला तर ओळखीत घोळ होईल, म्हणून ताडोब्यातल्या किंवा कुठल्याही जंगलातल्या वाघाच्या फोटोवर मी हा प्रयोग करत नाही, आणि वर्गात प्रत्येक चित्राबरोबर मूळ दोन्ही फोटो लावते.

कडेच्या केसांसाठी लेयर मास्कवर, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्यावर, दोन-तीन पिक्सेलचा ब्रश घेऊन, केसांच्या वळणानेच एकेक रेघ ओढावी लागते. याला जवळची वाट मला सापडलेली नाही. सध्या पांढऱ्या खिल्लारी बैलावर देवणी जातीच्या गुरांचे काळे ठिपके बसवते आहे. धड झालंय, वशिंडापाशी अडलंय. तिथे केस दोन दिशांना वळतात.