क्लिकर घ्यायचा तर बटणाचा घ्या

क्लिकर म्हणजे कुत्र्या-मांजरांना शिकवताना ‘टक’ असा आवाज काढायचं हातातलं छोटं यंत्र. पेट शॉपमध्ये क्लिकर दोन तऱ्हांचे दिसतात. एक चौकोनी डबीचा, आत पोलादी पट्टी असलेला. दुसरा वर उठावदार गोल बटण असलेला. घरासाठी बटणाचाच घ्या. डबीचा आवाज मैदानावर छान पोचतो, पण बंद खोलीत मांजर किंवा बुजरं कुत्रं त्यानं दचकतं. तोच घरात असेल तर मोज्यात गुंडाळून वाजवा. मनगटात अडकवायचा पट्टा हवाच, कारण हातात दोरी आणि खाऊही असतो. पावसाळ्यात ओल्या खिशात राहिला तर पट्टी गंजते आणि आवाज बसतो.

१९६० च्या दशकात हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये प्राणी-प्रशिक्षक केरन प्रायर डॉल्फिनना शिट्टीवर शिकवत. उडीच्या ऐन क्षणी तोंडात मासा देता येत नाही, शिट्टी मात्र तो क्षण नेमका दाखवते. क्लिकरचं कामही एवढंच: ‘हे बरोबर केलंस, खाऊ येतोय.’

आधी नुसतं क्लिक करा आणि लगेच वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, मीठ-मसाला न घालता. दहा-पंधरा वेळा. आवाजासरशी मान वळू लागली की पुढचं. ‘बस’ शिकवताना ढुंगण जमिनीला टेकताक्षणी क्लिक हवा. इथेच बहुतेकांचं बिनसतं: कुत्रं उठायला लागल्यावर क्लिक झाला, तर ते उठायलाच शिकतं. क्लिकच्या आधी खाऊचा हात हलला तर ते आवाज ऐकत नाही, हात बघतं. चुकून क्लिक झाला तरी खाऊ द्यायचाच, नाहीतर आवाजावरचा विश्वास जातो. हाक मारायला क्लिकर कधीच वापरू नका. ‘बस’ हा शब्द कृती नीट जमू लागल्यावर जोडा. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरेत, आणि खाऊ रोजच्या जेवणातून वजा करा. कृती पक्की झाली की क्लिकर बाजूला ठेवून कौतुकाचा शब्द आणि अधूनमधून खाऊ चालतो.

कुत्र्याचं म्हणणं मात्र हे यंत्र सांगत नाही, ते आपणच बघायचं. झोप आलेली नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवणं म्हणजे ताण वाढलाय, तिथेच थांबा. गुरगुरणं किंवा चावणं असेल तर क्लिकरच्या भरवशावर राहू नका, आधी पशुवैद्याकडून दुखणं तपासून घ्या.

कुत्रं बहिरं असेल तर क्लिकर घेऊच नका. क्लिकऐवजी अंगठा वर करण्याची खूण याच पायऱ्यांनी शिकवता येते.