बॅज आरएसचा, इंजिन १.८ चं

जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाचं जास्त ताकदीचं मॉडेल, घ्यायच्या विचारात कुणी असेल, तर टोकन देण्याआधी हे वाचा. पावणेपंधरा लाख मोजून मी जी गाडी आरएस म्हणून साताऱ्याला आणली ती आरएस नव्हतीच. साधी १.८ टीएसआय, म्हणजे १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची ऑक्टाव्हिया होती. पुढच्या जाळीवर, डिकीवर, स्टेअरिंगवर, सीटच्या पाठीवर, जिथं बघाल तिथं आरएस लिहिलेलं. फक्त बॉनेटखाली आरएस नव्हती.

माझं साताऱ्याच्या एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. २०१७ साली स्कोडाने ही गाडी भारतात आणली तेव्हापासून ती डोक्यात बसली होती. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत. वरून बघितलं तर घरातली चार माणसं आणि त्यांच्या बॅगा आरामात बसतील अशी सेडान. पण शोरूमची किंमतच साडेचोवीस लाखांच्या पुढे होती आणि त्या वर्षी मी पहिल्या व्हीएमसी (धातू कापायच्या संगणकी) मशीनचे हप्ते भरत होतो. म्हटलं, पुढंमागं सेकंडहँड बघू.

२०२४ च्या डिसेंबरात पुण्याच्या एका उपनगरातल्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडे एक पांढरी आरएस दिसली. डीलरचं नाव इथं लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. २०१८ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, सिंगल ओनर, ५८ हजार किलोमीटर. मागणी साडेसोळाची होती. व्हॉट्सॲपवर मी सरळ विचारलं होतं, "ही ओरिजिनल आरएस आहे ना?" उत्तर आलं, "शंभर टक्के ओरिजिनल आरएस साहेब." हा मेसेज मी पुसला नाही, आणि आज माझ्या हातात जे काही आहे ते त्या एका ओळीच्या जोरावर आहे.

रविवारी सकाळी मेव्हण्याला घेऊन पुण्याला गेलो. गाडी धुऊन, पॉलिश मारून उभी केलेली. लाल दोऱ्याची शिवण असलेल्या सीटा, खालून सपाट स्टेअरिंग, मागे डावी-उजवीकडे एकेक सायलेन्सरचं तोंड, डिकीवर स्पॉयलर. चालवायला घेतली, बायपासला लागलो आणि पाय दाबला तशी पाठ सीटला चिकटली. आवाजही भारदस्त. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, ही घ्याच." डीलर म्हणाला, संध्याकाळी नाशिकची पार्टी बघायला येतीय, त्यांचं जवळजवळ पक्कं आहे. आम्ही तिथंच पन्नास हजारांचं टोकन दिलं आणि चौथ्या दिवशी बाकीचे आरटीजीएस केले.

आरसी मागितली तेव्हा त्याने कार्डाच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवला होता. त्यावर नंबर, मालकाचं नाव, चासी नंबर, इंजिन नंबर. मूळ कार्ड एनओसीच्या कामाला गेलंय म्हणाला. कार्डाच्या मागच्या बाजूला मॉडेलचं नाव आणि इंजिनाची घनक्षमता छापलेली असते, ती बाजू मी मागितली नाही. माझ्या हातात रोज मायक्रोमीटर असतो. ड्रॉइंगवरचं माप जॉबवर आलंय का, हे बघण्यावर माझं घर चालतं. आणि इथं एवढी रक्कम देताना मी ड्रॉइंगच मागितलं नाही, याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे.

दीड महिना गाडी छान चालली. पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या चढावर तर ती मजेत जायची. मग जानेवारीअखेर एका रविवारी सौ. आणि दोन्ही मुलांना घेऊन कासला निघालो. यवतेश्वरच्या घाटात पुढे एसटी होती, तिच्यामागे हळूहळू चढताना गाडी झटके द्यायला लागली. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना कुणीतरी मागून ढकलल्यासारखं व्हायचं. एका वळणावर समोरून मिनीबस आली, मला थोडं मागं घ्यायचं होतं. रिव्हर्स टाकला आणि काहीच झालं नाही. स्क्रीनवर गिअरबॉक्सची सूचना लागली. उजवीकडे खोल दरी, खाली सगळं सातारा दिसतंय, मागे गाड्यांचे हॉर्न, धाकटी रडायला लागलेली. मिनीबसचा ड्रायव्हर भला माणूस, त्यानेच खाली उतरून मागच्या टायरला दगड लावला. शेवटी चार जणांनी ढकलून गाडी कडेला घेतली.

टो करून आणलेली गाडी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. तो पूर्वी पुण्यात कंपनीच्या वर्कशॉपला होता, आता साताऱ्यात स्वतःचं गॅरेज आहे. त्याने आधी गाडीला हात लावलाच नाही. विचारलं, "दादा, हायवेला मॅन्युअलला टाकून शेवटपर्यंत गेलायत कधी? किती गिअर पडतात?" मी म्हटलं, सात. त्याने हातातला चहा खाली ठेवला.

"२०१८ ची आरएस म्हणजे २३० वाली. तिला सहा गिअर असतात."

मग स्कॅनर लावला. इंजिन १.८, गिअरबॉक्स सात गिअरचा, आणि इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेलं, म्हणजे रिमॅप केलेलं. त्याने मला गाडीच्या मागे नेलं आणि सांगितलं, दोन्ही सायलेन्सरमध्ये बोट घाला. उजवीकडच्या तोंडात बोट घातलं, काळं झालं. डावीकडच्यात घातलं, बोट कोरडं आणि स्वच्छ बाहेर आलं. ते तोंड बंपरला नुसतं स्क्रूने बसवलेलं होतं, आत पाइपच नव्हता. स्टेअरिंगवर शिवलेल्या लेदरचा एक टाका त्याने नखाने उचलून दाखवला. डिकीवरचा बॅज मासेमारीच्या दोऱ्याने सोडवला, मागची डबल टेप अजून पांढरीशुभ्र होती. सात वर्षं उन्हापावसात राहिलेल्या टेपचा रंग तसा राहत नाही.

आता गिअरबॉक्स का गेला, ते सांगतो, कारण फसवणुकीतला खरा धोका इथं आहे. साध्या १.८ टीएसआयची ताकद १८० पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन मीटर. हा २५० चा आकडा कंपनीने उगाच ठेवलेला नाही. त्या गाडीला जो सात गिअरचा ड्राय क्लचवाला, म्हणजे बिनतेलाच्या क्लचचा, डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे त्याची मर्यादाच तेवढी आहे. आरएसला ३५० न्यूटन मीटर पेलायला वेगळा गिअरबॉक्स दिला होता, सहा गिअरचा आणि तेलात चालणाऱ्या क्लचचा. ब्रेकही मोठे दिले होते. रिमॅपने इंजिनाचा जोर वाढतो, पण मागचा क्लच आणि ब्रेक जुनेच राहतात. टेस्ट ड्राइव्हला गाडी आरएससारखी उचलली ती याच्यामुळे. म्हणून टेस्ट ड्राइव्हवरून ठरवू नका. वीस मिनिटांत ती गाडी तुम्हाला तिची उत्तम बाजूच दाखवणार. माझ्या गाडीत क्लच आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) दोन्ही गेले. या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स आणि सम आकड्यांचे गिअर एका बाजूला असतात, ती बाजू बंद पडली म्हणून घाटात रिव्हर्स पडला नाही. खर्च सांगितला पावणेतीन लाख.

पुढच्या आठवड्यात माझ्या नावावर झालेलं आरसी कार्ड पोस्टाने आलं. पाकीट फोडलं आणि पहिल्यांदा मागची बाजू बघितली. १७९८. खऱ्या आरएसच्या कार्डावर १९८४ असतं. चार आकडे, मोबाइलवरच्या एका फोटोत दिसले असते. विम्याच्या पॉलिसीवरही १.८ टीएसआय असंच लिहिलेलं होतं, ती पॉलिसी डीलरने "ट्रान्सफरला टाकलीय" म्हणून उशिरा दिली होती.

डीलरला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, असं होणारच नाही. मग म्हणाला, मालकाने आम्हाला तसंच सांगितलं. तिसऱ्या फोनला आवाजच बदलला. "साहेब, गाडी बघून, चालवून घेतलीत ना? बिलावर आरएस लिहिलंय का बघा." बिलावर खरंच लिहिलेलं नव्हतं. "ऑक्टाव्हिया पेट्रोल, जशी आहे तशी" एवढंच. आता कळतंय, तो शब्द चुकून राहिलेला नव्हता.

जुन्या पॉलिसीवरून पहिल्या मालकाचा पत्ता लागला. पोरगा चांगल्या घरचा, गाड्यांचा शौकीन. त्याने काहीही लपवलं नाही. म्हणाला, "काका, बॅज आणि किट मीच लावलं, हौस म्हणून. रिमॅप पण मीच केला. पण विकताना १.८ म्हणूनच विकली, दहा लाख वीस हजारांना." डीलरशी झालेलं बोलणंही त्याने मला पाठवलं. म्हणजे डीलरला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जाहिरात लिहिताना त्याने १.८ चं आरएस केलं आणि मधल्या साडेचार लाखांवर स्वतःची चूल पेटवली.

त्या पोरावर माझा राग नाही, पण एक गोष्ट त्यालाही बोललो आणि इथंही लिहितो. आपल्या गाडीवर आपण हौसेने काय लावायचं हा आपला प्रश्न, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. बॅज हे नाव आहे. ज्या गाडीला ते कंपनीने दिलं तिचा क्लच, ब्रेक, सस्पेन्शन सगळं त्या नावामागे उभं असतं. गाडी आपल्याकडे आहे तोवर ठीक, पण ती विकली जाते, पुन्हा विकली जाते, आणि तिसऱ्या हाताला जाईपर्यंत तुमची हौस कुणाच्या तरी घाटातली अडचण झालेली असते. तो म्हणाला, "विकताना काढायला हवा होता." निदान तेवढं तरी करा.

बदल केलेल्या गाडीला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. विमा कंपनीला न कळवलेला रिमॅप असेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो, मग तो रिमॅप तुम्ही केला की आधीच्याने, हे कोण ऐकून घेणार? मी मिस्त्रीकडून सॉफ्टवेअर आधी मूळ स्थितीत आणून घेतलं, नंतर गिअरबॉक्सचं काम केलं.

आता तक्रारीचं. मला वाटत होतं डीलर पुण्याचा, म्हणजे खेटे पुण्याला. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मी साताऱ्यातच केली. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, आणि माझ्या रकमेला फी लागली फक्त चारशे रुपये. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही आधी नोंद केली होती. व्हॉट्सॲपचे मेसेज नुसते छापून चालत नाहीत, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं, ते वकिलांनी करून घेतलं. पोलिसांत फसवणुकीचा अर्जही दिलाय. वकिलांनी आणखी एक विचारलं जे मला माहीतच नव्हतं: जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, एप्रिल २०२३ पासूनचा नियम आहे. टोकन देण्याआधी ते बघायला मागा. ते मागितल्यावर ज्याचा चेहरा बदलतो, तिथून चहाही न पिता निघा.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा आरसीच्या दोन्ही बाजू हातात घेऊन वाचा. चासी नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन मॉडेल विचारा. माझा मिस्त्री म्हणतो, पाच मिनिटांचं काम आहे. बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या, लिहायला नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर. गिअर मोजायची युक्ती मात्र २३० पुरतीच, २०२० साली आलेल्या आरएस २४५ ला सातच गिअर आहेत. त्या फक्त दोनशे गाड्या आल्या होत्या, तेव्हा ती कुणी स्वस्तात देत असेल तर जास्तच सावध व्हा.

नोटीस गेल्यावर डीलरने मध्यस्थामार्फत एक लाख देऊन मिटवू म्हणून निरोप पाठवला. मी नाही म्हटलं. घरातले वडीलधारे अण्णा म्हणाले, "घे आणि सोड, कोर्टाची पायरी नको." त्यांना सांगितलं की अण्णा, मी सोडलं तर तो उद्या पुढच्याला हेच विकणार.

चारही बॅज काढले. वकिलांनी फेकू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे ते मागच्या टेपसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तारीख टाकून, ऑफिसच्या कपाटात ठेवलेत. डिकीवर चिकटपणाचा एक पट्टा राहिला होता, तो मुलाने रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढला. गाडी आता १.८ म्हणून चालते, घाट शांतपणे चढते. पुढची तारीख जूनमध्ये आहे.