मुंबईच्या घामात मिस्साचे कपडे: सुती आल्ब की टेरिकॉट, बरेच महिने वापरून झाल्यावर

आमच्या चर्चची साक्रिस्टी (कपडे आणि वेदीच्या वस्तू ठेवायची खोली) मी सांभाळतो, म्हणजे फादरांचे मिस्साचे (कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेचे) कपडे धुणं, इस्त्री, कुठल्या दिवशी कुठला रंग काढायचा ते सगळं माझ्याकडे. गेल्या पावसाळ्याआधी दोन आल्ब (आतला पायघोळ पांढरा झगा) घेतले. एक रेडिमेड टेरिकॉटचा, उंच कॉलर आणि पुढे चेन. दुसरा सुती, मंगलदास मार्केटमधून कापड आणून टेलरकडून शिवलेला, साधा गोल गळा.

टेरिकॉटचा चुरगळत नाही आणि जुलैतसुद्धा पंख्याखाली रात्रीत वाळतो, हे खरंच मोठं सुख आहे. पण ऑक्टोबरमध्ये मोठी मिस्सा आटपून फादर आत आले की आतला शर्ट अक्षरशः पिळून काढावा असा भिजलेला असतो, आणि कॉलर तर तीन-चार महिन्यांतच पिवळी पडली, ब्लीच लावलं तर अजूनच पिवळी. सुती आल्बला इस्त्रीचा व्याप आहे पण उकडत नाही, फादरही हात त्याच्याकडेच पुढे करतात. कापड आधी पाण्यातून काढून मगच शिवायला द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून घोट्याच्या वर जातो.

आता खरी गोष्ट, अमिस. चौकोनी पांढरं कापड, दोन लांब नाड्या, मानेभोवती घालून नाड्या छातीवरून फिरवून कमरेला बांधायच्या. नियम असा की आल्बच्या गळ्यातून रोजचे कपडे दिसत असतील तर अमिस हवाच, उंच कॉलरचे आल्ब आले आणि तो कपाटात गेला. आमच्या वयस्कर फादरांनी तो परत काढायला लावला आणि माझं निम्मं काम हलकं झालं, कारण मानेचा सगळा घाम तो पितो, रुमालासारखा रोज धुवायचा आणि आल्ब आठवडाभर स्वच्छ. प्रत्येक फादरचा वेगळा ठेवा. मुंबईत हा प्रकार बंद का पडला तेच कळत नाही!

चॅझुबलबद्दल (आल्बवर घालायचा रंगीत झगा) एकच, अस्तरवाला जड मखमली घेऊ नका. 1969 साली रोमने भारतासाठी मिस्साच्या पद्धतीत जे बारा बदल मान्य केले त्यात अंगरख्यासारखा सुटसुटीत एकच झगा आणि वर स्टोल (गळ्यात घालायचा लांब पट्टा), हेही होतं, आणि इथल्या हवेला तेच योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. चॅझुबलचा रंग चर्चच्या वर्षातल्या काळाप्रमाणे बदलतो; पैसे हिरव्यावर घाला, कारण हिरव्याचा सामान्यकाळ (मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेला) 33-34 आठवड्यांचा असतो, बहुतेक रविवारी तोच अंगावर. गुलाबी फक्त आगमनकाळाचा (नाताळआधीचा) तिसरा आणि उपवासकाळाचा (ईस्टरआधीचा) चौथा रविवार, तोही ऐच्छिक, त्या दिवशी जांभळा चालतो.

पावसाळ्यात लोखंडी कपाटात घडी करून ठेवलेल्या स्टोलवर बुरशीचे काळे ठिपके आले, तेव्हापासून सगळं रुंद हँगरवर आणि ऊन पडलं की कपाट उघडं. जरीला डांबरगोळी टेकू देऊ नका. मेण सांडलं तर ब्राउन पेपर ठेवून हलकी इस्त्री, मेण कागदात उतरतं.

पुढचा आल्बही सुतीच शिवणार, फक्त बाह्यांचा घेर कमी करायला सांगणार, आत्ताच्या सैल बाह्या वेदीवर कॅलिसला (द्राक्षारसाच्या पेल्याला) घासतात आणि फादरांना दर वेळी सांभाळावं लागतं.