वजन अडलंय: ताट आणखी कापायचं की डाएटला सुट्टी द्यायची?

काटा तीन-चार आठवडे हलला नाही की बहुतेक जण दोनाची एक पोळी करतात. त्यात तथ्य आहे: शरीर हलकं झालं की त्याची गरजही घटते, आणि सुरुवातीला कॅलरींची तूट पाडणारं (म्हणजे खर्चापेक्षा कमी कॅलरींचं) जेवण आता जेमतेम बरोबरीचं ठरतं. पण आधीच दिवसाला १२०० कॅलरींवर असाल, तर आणखी कापून चिडचिड वाढते, स्नायू झिजतात आणि रात्री फरसाणाचा डबा उघडतो.

दुसरा मार्ग म्हणजे दोन आठवडे वजन टिकेल इतकंच खाणं, मग पुन्हा तूट. (सुट्टी म्हणजे रोज मिसळ नव्हे!) वजन लगेच उतरत नाही, शरीरात साठलेल्या पाण्यामुळे किंचित वाढतंही. तरीही बरेच महिने डाएट करून कंटाळलेल्यांना मी हाच सुचवेन. नुकती सुरुवात असेल, तर आधी चहातली साखर आणि तेल मोजा.