हैदराबादला उडायचं कुठून: उजळाईवाडी की सांबरा?

गडहिंग्लजच्या मेहुण्यांना हा प्रश्न पडलाय. उजळाईवाडी म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, सांबरा म्हणजे बेळगावचा. हवेतून बघाल तर फरक नगण्य: कोल्हापूर-हैदराबाद साधारण ४४५ किलोमीटर, बेळगाव-हैदराबाद ४३५ च्या आसपास. दोन्हीकडून सव्वा तासाच्या आतबाहेर. 'कमी वेळात पोहोचा' ही जाहिरात सोडूनच द्या.

खरा खेळ रस्त्याचा. उजळाईवाडी कोल्हापूर शहरापासून जेमतेम १० किलोमीटर. सांबऱ्याला जायचं तर महामार्गानं शंभरावर किलोमीटर, वर बेळगाव ओलांडायचं. तिकिटात वाचलेले पैसे गाडीभाड्यात जातात, परतीचं तर कुणी धरतच नाही.

कोल्हापूर, कागल, निपाणीकरांनी उजळाईवाडी धरावी. चंदगडकरांना जिल्हा कोल्हापूर असला तरी सांबराच जवळ. गडहिंग्लज मधोमध, मेहुण्यांनी सोयीची वेळ बघून ठरवावं.